चारशे सतरा नंबरची नळी

एनेलेसी नाखुम्वा रोज सकाळी पाण्याला जाताना वाकडी वाट करते. हापसा तिच्या घरापासून सरळ खाली, आंब्याच्या झाडापलीकडे. पण ही बाई बादली डोक्यावर घेऊन आधी वर चढते, फानेसीच्या अंगणाशी थांबते आणि हाक मारते, "तादाला उठली का गं?" आतून पोरीचा आवाज आला की मगच पाण्याला. एकदा पोरगी मामाकडे गेली होती आणि फानेसी सांगायला विसरली, तर एनेलेसी रिकामी बादली घेऊन तशीच चालत मामाच्या गावाला पोचली. पोरगी तिथे ऊस खात बसलेली. आमच्या बायकांना तर हसायला निमित्तच हवं असतं. "मायी, पोटची नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरीला नजर लावताय काय?" ती बादली सावरते आणि चालू लागते.

तादाला आता पंधराची आहे. शाळेच्या नेटबॉलच्या संघात खेळते, धावायला लागली की मास्तर दमतात. तिला या चौकशीचा अस्सा वैताग येतो. "मायी, मी काय आजारी आहे? रोज काय उठली का, उठली का!" पोरीचं चुकत नाही. पण एनेलेसीचंही चुकत नाही, आणि ते कळायचं तर नऊ वर्षं मागे जायला हवं. त्या वर्षी मुलांजे डोंगराखालच्या आमच्या गावांत रक्त ओढणारे लोक फिरतात अशी हूल उठली होती.

एनेलेसी म्हणजे पाहणीवाली. गावात तिला तेच नाव. नवरा चहाच्या कारखान्यात होता, क्षयानं गेला. ही चौथ्या फॉर्मपर्यंत, म्हणजे माध्यमिक शाळा संपेपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं, म्हणून शहरातल्या संशोधनवाल्यांनी तिला कामावर घेतलं. अकरा वर्षं ती घरोघर हिंडली. मच्छरदाण्यांची पाहणी झाली, संडासांची झाली, पोरांच्या पेजेची झाली. पुरुष दवाखान्यात का येत नाहीत याचीसुद्धा एक पाहणी झाली, तेव्हा ती पुरुषांना शोधत फिरायची आणि पुरुष तिला पाहून मक्याच्या शेतात शिरायचे. प्रत्येक पाहणीला राजधानीतल्या समितीची मंजुरी असायची. गोल निळ्या शिक्क्याचं ते पत्र ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधायची. आधी मुखियाच्या अंगणात चटईवर बसून पत्र वाचायचं, त्यानं मान हलवली की मग घरं. अंगठा उमटल्याशिवाय ती कुणाला साधा प्रश्न विचारायची नाही. इतकी काटेकोर बाई की तिच्या वहीत खाडाखोड सापडायची नाही.

नवऱ्याच्या मयताची एक गोष्ट इथं सांगून टाकते, ती पुढे लागणार आहे. शवपेटीला खिळे ठोकून झाले आणि एनेलेसीच्या आईनं किंकाळी फोडली. एनेलेसीचा डोक्याचा रुमाल आत पडला होता. झालं! खड्डा खणणाऱ्यांनी सगळे खिळे पुन्हा उपसले. आमच्याकडे जिवंत माणसाची चिंधीसुद्धा मेलेल्याबरोबर जाऊ देत नाहीत. गेली तर जमीन उरलेलं माणूस मागायला येते, असं मानतात. एनेलेसी शिकलेली. तिला मनात हसू आलं होतं म्हणे. पण शेवटचा खिळा निघून रुमाल हातात येईपर्यंत तिनं श्वास सोडला नव्हता, हेही तिनंच सांगितलेलं.

तर त्या वर्षीची पाहणी पोरांच्या तापाची होती. घरचे लोक ताप आला की आधी काय करतात ते विचारायचं, आणि पाच-सहा वर्षांच्या आतबाहेरच्या पोरांचं थोडं रक्त घ्यायचं. रक्ताआधी दोन पानी कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, असा नियम. त्यात एक ओळ होती, ती तिला झोपेतही पाठ होती. "तुम्हाला वाटेल त्या दिवशी तुम्ही नाव काढून घेऊ शकता. कारण सांगायची गरज नाही. दिलेला नमुना परत मागू शकता. कुणी रागावणार नाही." वर्षानुवर्षं तिनं ती ओळ वाचली, एकानंही कधी नाव काढलं नाही. कोण काढतो? रक्त दिलं की साबणाची वडी मिळायची.

त्या बुधवारी ती आगोगो बितिरेसीच्या अंगणात बसली होती. आगोगो म्हणजे आजी. बितिरेसीला सगळं गावच आगोगो म्हणायचं. तिची मुलगी कामासाठी सीमेपलीकडे गेली ती तिकडेच राहिली, नातू मावुतो आजीजवळ. चार वर्षांचा, नाकातून सदा शेंबूड, कोंबड्यांशी भांडणारा. शेजारची फानेसीही आपल्या सहा वर्षांच्या तादालाला घेऊन आली होती. एनेलेसीनं कागद वाचला. ती ओळ आली तशी आगोगोनं बोट वर केलं.

"नाव काढलं तर साबण परत द्यायचा?"

"नाही हो आगोगो, साबण तुमचाच."

"मग ठीक. अंगाला लावून संपला असला तर मी काय फेस आणून देणार होते?"

सगळ्या हसल्या. आगोगोनं अंगठा उमटवला, पोराचा नंबर घातलेला आपल्या वाटचा कागद घडी करून छपराच्या गवतात खोचला. बाकीच्या बाया त्या कागदात तंबाखू बांधायच्या. ही एकटीच जपून ठेवणारी.

मावुतोनं सुई पाहताच जी लाथ झाडली! एनेलेसीच्या गुडघ्यावर बसली. कशीबशी नळी अर्धी भरली, तोवर आगोगो ओरडली, "पुरे! अर्धी तर अर्धी, त्यात काय धुणं धुवायचंय?" तादाला मात्र डोळे विस्फारून स्वतःचं रक्त पाहत बसली, आणि तिची नळी गच्च भरली. तेवढ्यात एक कोंबडी आजीच्या अंगावरून फडफडत थेट सामानात येऊन पडली. नळ्या घरंगळल्या. एनेलेसीनं त्या गोळा केल्या, पुसल्या, नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. चारशे सतरा मावुतोचा, चारशे अठरा तादालाचा. घरी येऊन वही लिहायला बसली तेव्हा दिसलं, चारशे सतराची चिठ्ठी भरलेल्या नळीवर होती आणि चारशे अठराची अर्ध्या नळीवर. उलटं झालं होतं.

चिठ्ठी सोलून काढायची नाही, हा पाहणीतला कडक नियम. चूक झाली तर झाकायची नाही, वहीत लिहायची. तिनं लिहिलं. चारशे सतरा आणि चारशे अठरा, नळ्यांची अदलाबदल. खाली सही केली. त्या दिवशी तिला ती फार मोठी गोष्ट वाटली नाही.

शुक्रवारी नळ्यांची बर्फाची पेटी न्यायला शहरातून गाडी यायची होती. ती आलीच नाही. नदीपलीकडे कुणाला तरी रात्री काहीतरी हुंगवून रक्त ओढलं, अशी बातमी आली, आणि दोन दिवसांत सगळ्या रस्त्यांवर झाडाचे ओंडके पडले. जो येईल त्याला थांबवायचं, तू कुणाचा कोण विचारायचं. ओळख पटली नाही की संपलं. शेजारच्या गावात सुक्या मासळीवाल्याला धरलं. बिचारा तळ्याकडचा माणूस, इथं त्याला कोण ओळखणार? त्याच्या पिशवीत किडीचं औषध मारायचा पंप सापडला, कपाशीवर मारतात तो. तेवढं त्याला मारून टाकायला पुरलं. एनेलेसीच्या घरी त्याच्याकडूनच घेतलेली मासळी मडक्यात होती. तिला ती शिजवता येईना आणि टाकताही येईना.

शहरातून पाहणीच्या साहेबांचा फोन आला. "मायी, घराबाहेर पडू नका. कुणाशी काही बोलू नका. पेटी तेवढी सांभाळा."

सांभाळा म्हणे! पेटीत अकरा नळ्या होत्या, अकरा घरांच्या पोरांचं रक्त. बर्फ कधीच वितळला होता. तिनं पेटी खोलीच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत पुरल्यासारखी ठेवली आणि वर मक्याची टोपली उपडी घातली. तिची आई, सत्तरीची म्हातारी, दाराशी बसून पाहत होती.

"ओतून टाक संडासात."

"आई, ओतताना कुणी पाहिलं तर?"

"आणि घरात सापडलं तर?"

एनेलेसीनं निळ्या शिक्क्याचं पत्र पिशवीतून काढलं, वाचलं, परत ठेवलं. अकरा वर्षं हे पत्र दाखवलं की माणसं चटई टाकायची. आता ते दाखवायची तिला भीती वाटत होती, कारण त्यावर स्पष्ट लिहिलं होतं की या बाईला रक्त घ्यायची मंजुरी आहे.

रविवारी चर्चमध्ये ती बाकावर बसली तशा बाजूच्या दोघी जरा सरकल्या. जरासंच. एकीनं तर विचारलंही, "कशा आहात मायी?" तिनं हात मांड्यांखाली दाबून धरले आणि पाळकाचं एक अक्षर तिच्या कानात गेलं नाही.

सोमवारी सकाळी आगोगोच्या घराकडून रडणं ऐकू आलं. आदल्या दिवशी मावुतोचा ताप डोक्यात गेला होता. सायकलवरून दवाखान्यात नेला, तिथेच पहाटे गेला. हे ऐकून एनेलेसीच्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? त्याचं शेंबडं नाक नाही, ती लाथ नाही. चारशे सतरा. आधी नंबर आला. नंतर तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पुन्हा साहेबांचा फोन. "ऐकलं आम्ही. अजिबात जाऊ नका, मायी. पोलिसांना कळवलंय, गाडी येईल."

"कधी?"

"येईल."

साहेब शहरातला माणूस, भला होता, पण त्याला कसं समजावणार? आमच्याकडे मयताला सगळं गाव जातं. भांडण असो, आजार असो, पिठाची पाटी घेऊन जायचंच. जो येत नाही त्यानंच त्या माणसाला खाल्लं, असं धरून चालतात. रक्त घेऊन आठवडा व्हायच्या आत पोर गेलं आणि रक्त घेणारी बाई घरात दडून बसली, म्हणजे तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यासारखंच. आईनं सुपात पीठ घेतलं, पाटीत भरलं आणि पाटी तिच्यासमोर ठेवली.

"मला भीती वाटते गं, आई," एनेलेसी म्हणाली. चाळीस उलटलेली बाई, पण आवाज लहान पोरीचा.

"मलाही वाटते. कमरेचं चितेंजे नीट गुंडाळ, चालताना पायात येईल."

अंगण भरलेलं होतं. पुरुष आंब्याखाली, बायका घरात मयताजवळ. ती आली तशी बोलणी थांबली. पाटी डोक्यावर, मान ताठ ठेवावीच लागत होती, म्हणून तिला कुणाचं तोंड दिसत नव्हतं, नुसते पाय दिसत होते. बरेच पाय तिच्याकडे वळले. दाराच्या अलीकडे एक फावडं आडवं आलं.

फावडं माक्विंजाचं. सायकलवर माणसं वाहून पोट भरणारा हा गडी, मावुतोला दवाखान्यात त्यानंच नेलेला. तो खड्डा खणणाऱ्यांचा म्होरक्या होता, आणि मयताच्या दिवशी आमच्याकडे खणणाऱ्यांचा शब्द शेवटचा. मुखियासुद्धा त्यांच्यापुढे बोलत नाही. मुखिया आपल्या खुर्चीत काठीची मूठ कुरवाळत बसला होता.

"पाटी खाली ठेव, मायी," माक्विंजा म्हणाला. "पोराचं रक्त कुठंय?"

"पाहणीचं काम आहे, माक्विंजा. मंजुरीचं पत्र आहे, तुझ्यासमोरच मुखियांनी..."

"पत्र नको. रक्त कुठंय ते सांग. माझ्या सायकलवर पोर हलकं लागत होतं, कापसासारखं. उरलेलं कुठं गेलं?"

"घरी पेटी आहे तिच्या!" मागून कुणीतरी ओरडलं. "रोज वाळू ओली करते, मी पाहिलंय!"

मग एकदम सगळेच बोलायला लागले. एनेलेसीला शब्द कळेनात. तिला मासळीवाला आठवला. त्यालाही आधी असंच नीट विचारलं असेल, मायी नसेल म्हटलं, भाऊ म्हटलं असेल. कुणीतरी तिच्या पाठीमागे सुकी काटकी मोडली आणि तिचं पाऊल आपोआप मागे गेलं. तेच चुकलं. मागे सरकली हे पाहून दोघं जण पुढे आले.

तेवढ्यात दारात आगोगो उभी राहिली. मयताजवळून घरची बाई उठत नाही, शवपेटी निघेपर्यंत चटई सोडत नाही. ती उठून आली हे पाहूनच अंगण गप्प झालं. तिनं छपराच्या गवतात हात घातला, चाचपलं आणि तो घडी केलेला कागद काढला.

"ए पाहणीवाली," ती म्हणाली. "तू वाचलं होतंस. वाटेल त्या दिवशी नाव काढता येतं. वाचलं होतंस का नाही?"

"वाचलं होतं, आगोगो."

"कारण सांगायचं नाही. नमुना परत. कुणी रागावणार नाही."

"हो."

"मी माझ्या नातवाचं नाव काढते. त्याचं रक्त आण. त्याचं त्याच्याबरोबर जाईल, मग खणा तुम्ही तुमचा खड्डा." तिनं माक्विंजाकडे पाहिलं. "आणि ती आणून देईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. माझ्या घरचं मयत आहे."

फावडी घेतलेले चौघे एनेलेसीच्या दोन्ही बाजूंनी तिच्या घराकडे चालले. घरी आई पेटी मांडीवर घेऊन तयारच बसली होती. "मी पण येते," एवढंच म्हणाली, आणि त्या चौघांतून कुणाला तिला अडवायची छाती झाली नाही. एनेलेसीच्या डोक्यात मात्र आता वेगळंच सुरू झालं होतं. नंबर. कागदावर चारशे सतरा आहे. चारशे सतराची चिठ्ठी भरल्या नळीवर आहे. भरली नळी तादालाची.

आगोगोच्या अंगणाच्या मधोमध नळ्यांची पेटी ठेवली. झाकण उघडताच पुढचे मागे सरले. पाण्यात नळ्या, प्रत्येक नळीत खाली काळपट थर आणि वर पिवळसर पाणी. कुणीतरी थुंकलं. माक्विंजानं आगोगोच्या हातून कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला, "चार. एक. सात."

एनेलेसी गुडघ्यांवर बसली. अर्धी नळी हाताशी होती, तिच्या बोटांना लागतही होती. मावुतोचं रक्त तेच. ती नुसती उचलून द्यायची. पण त्या नळीवर अठरा होतं आणि माक्विंजा आता तिच्या खांद्यावरून वाकून नळ्या वाचत होता. नंबर चुकलेत, आतलं रक्त दुसऱ्याचं आहे, मी वहीत लिहिलंय असं सांगायचं? या माणसांना? ज्यांना तिनंच अकरा वर्षं सांगितलं होतं की आमच्या नंबरात चूक होत नाही?

"ही," माक्विंजा म्हणाला. "चार, एक, सात. हीच. दे."

"माझी पण आहे त्यात!" तादाला आईच्या कडेवरून ओरडली, मजा वाटल्यासारखी. फानेसीनं तिच्या तोंडावर हात दाबला.

एनेलेसीनं भरली नळी उचलली आणि आगोगोच्या हातात दिली. म्हातारीनं ती उन्हात धरली. नळी बुचापर्यंत भरलेली होती. आगोगोनं तिच्याकडे पाहिलं, मग एनेलेसीकडे पाहिलं. अर्धी तर अर्धी, हे तिचे स्वतःचे शब्द. एनेलेसीला ते मोठ्यानं कुणी बोलल्यासारखे ऐकू आले. आता ही विचारणार, अर्ध्याचं भरलेलं कसं झालं? दुसऱ्यांदा कधी आलीस माझ्या घरी? एवढं विचारलं असतं तरी एनेलेसी त्या अंगणातून घरी गेली नसती. आईनं मागून तिच्या चितेंजेचं टोक धरलं होतं.

आगोगोनं मूठ मिटली. वळली आणि आत गेली.

नळी आत ठेवून मावुतोच्या शवपेटीला खिळे ठोकले तेव्हा एनेलेसी बायकांमध्ये मागे बसली होती. प्रत्येक घावाबरोबर तिला वाटत होतं, आता कुणीतरी किंकाळी फोडेल, थांबा म्हणेल, खिळे उपसायला लावेल. ओरडायला हवं होतं ते तिलाच. पुढे फानेसीच्या मांडीवर तादाला पेंगत होती. शेवटचा खिळा बसला आणि पुरुषांनी पेटी उचलली.

गुरुवारी पोलिसांच्या गाडीमागून पाहणीची गाडी आली. उरलेल्या दहा नळ्या गेल्या. साहेब पुन्हा पुन्हा म्हणत होते, मायी, तुम्ही कमाल केलीत. तिनं फॉर्म भरून दिला. चारशे सतरा, माघार घेतली, नमुना परत दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, विचारलं नाही. आणि वही देण्याआधी तिनं अदलाबदलीची ती ओळ शाईनं काळी करून टाकली. सगळ्या वह्यांमधली तिची ती एकच खाडाखोड. कारण ती ओळ राहिली असती तर जमिनीत कुणाचं रक्त गेलं ते शहरातून कधीतरी गावात आलं असतं.

तीन आठवडे गेले. पाऊस पडला, ओंडके हटले, माणसं एकमेकांकडे पाहून ओशाळं हसायला लागली. मासळीवाल्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. एका सकाळी शहरातून फोन आला.

"मायी, चारशे अठरा. तादाला, वय सहा. रक्तात हिवतापाचे जंतू खूप आहेत, फारच. पोरगी बरी आहे ना? आजच औषध सुरू करा."

ती फोन मांडीवर ठेवून बसून राहिली. ते रक्त कुणाचं होतं हे तिला ठाऊक होतं. तो पोरगा जमिनीत होता आणि तिकडे कागदावर तादालाच्या नावानं आजारी होता. आणि जमिनीत जे होतं ते तादालाचं. शिकलेली बाई, हिवताप डासानं होतो हे तिनं हजार घरांत सांगितलेलं. ती उठली आणि पळत सुटली. तादाला पेरूच्या झाडावर उलटी लटकत होती, ठणठणीत. तरी एनेलेसीनं तिला खाली उतरवलं, बोटाला सुई टोचून हिवताप तपासायची पट्टी लावून पाहिली. पट्टी स्वच्छ आली. तिनं दुसरी लावली. तीही स्वच्छ. मग तिनं तिसरी लावली, तेव्हा फानेसी म्हणाली, "अहो मायी, पोरीच्या बोटाची चाळण करताय का?"

त्याच दुपारी आगोगो आली. दारात बसली, पाणी मागितलं, प्यायली. चितेंजेच्या गाठीतून केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी काढलं आणि एनेलेसीच्या पुढ्यात ठेवलं. साबणाची वडी होती, एका बाजूनं जराशी झिजलेली.

"नाव काढलं ना," आगोगो म्हणाली. "घे."

"आगोगो, साबण तुमचाच. मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. पण एकदाच वापरलाय, त्याला शेवटची अंघोळ घालताना. पुन्हा माझ्यानं हातात धरवत नाही."

एनेलेसीनं साबण उचलला. तिला रडू आवरेना. म्हातारी बराच वेळ अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत बसली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"त्याची नळी अर्धीच होती," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं, अर्धी तर अर्धी. माझं डोकं अजून ठिकाणावर आहे."

एनेलेसीनं साबण मांडीवर ठेवला.

"माझं एक गेलं होतं. तू पण गेली असतीस त्या अंगणात. मग मी मूठ मिटली." आगोगो पायरी उतरली आणि थांबली, पण वळून पाहिलं नाही. "शेजारणीच्या पोरीवर लक्ष ठेव. मी आता किती दिवसांची? तुझ्यानं होईल तोवर ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी एनेलेसी बादली घेऊन निघाली, आणि हापशाकडे न वळता वरच्या वाटेला लागली.